अल्पमोली, बहुगुणी भिंग

मुंबईच्या उपनगरांतील साकीनाका हा अष्टौप्रहर गजबजलेला चौक होय. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि पवईच्या बाजूने येणारा साकी-विहार रस्ता येथे एकमेकांस मिळतात. 8 जून 2014 रोजी सुरू झालेली मेट्रो रेल्वे येथे माणसांच्या डोक्यावरून धावत असते. गल्लीबोळांतील लहानलहान कारखान्यांत लेथ फिरत असतात आणि त्यांवरील कारागीर मिलिमीटरच्याही अंशाचा हिशेब ठेवून लोखंड कातीत असतात. कीटकांचे जीवन पाहावयाचे तर रानावनात जावे, अशा चौकात ते कोठून दिसणार, असाच सर्वसामान्य समज असतो.

परंतु येथील एखाद्या चाळीच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी असेल, तर कधीकधी एक गंमत घडते. पानावर पक्ष्याच्या विष्ठेचा काळा-पांढरा ठिपका पडलेला दिसतो. तो पुसून टाकावा म्हणून कोणी जवळ जाते, तोच तो ठिपका हळूच पुढे सरकतो! हा ठिपका म्हणजे ‘लाइम बटरफ्लाय’ या फुलपाखराची लहानगी अळी असते. लिंबू व कढीपत्ता यांच्या पानांवर हे फुलपाखरू आपली अंडी घालते. अळीने घेतलेले हे सोंग पक्ष्यांना फसविण्यासाठी असते. विष्ठा खाण्यास कोणता पक्षी येईल? पुढे अळी मोठी झाली, की हे सोंग टाकून ती पानासारखी हिरवीगार होते.

हा चमत्कार दारात घडत असूनही पुष्कळांना तो दिसत नाही. डोळ्यांना ताण न देता एखादी वस्तू स्पष्ट पाहावयाची, तर ती साधारणपणे 25 सेंटिमीटर दूर असावी लागते. वस्तू जितकी जवळ आणावी तितकी ती मोठी दिसते हे खरे. पण फार जवळ आणली म्हणजे ती अंधुक होते. ही अडचण दूर करते ते बहिर्वक्र भिंग. ज्याचे नाभीय अंतर 5 सेंटिमीटर आहे, असे भिंग डोळ्याशी धरले असता वस्तू 5 सेंटिमीटरवर आणूनही स्पष्ट दिसते, आणि म्हणून सुमारे पाचपट मोठी भासते. नाभीय अंतर अडीच सेंटिमीटर असेल, तर ती दहापट मोठी भासते. भिंग जितके जोरदार, तितके वस्तूच्या जवळ जावे लागते, हा या विद्येचा पहिला नियम होय.

हा नियम ज्याने पराकाष्ठेस नेला, तो कोणी धनिक वा मोठा पंडित नव्हता. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी 1632 साली जन्मलेला अँटोनी व्हॅन ल्यूवेनहॉक हा कापडाचा व्यापारी होता. विद्यापीठात तो कधी शिकला नाही. त्या काळच्या विद्वानांची लॅटिन भाषाही त्यास येत नव्हती. परंतु काचेचे इवलेसे भिंग बनवून ते धातूच्या दोन पत्र्यांमध्ये बसविण्याची कला त्याने साध्य केली. पाहावयाची वस्तू एका टोकदार खिळ्यावर ठेवून ते भिंग तो अगदी डोळ्याशी नेत असे. 1673 साली लंडनच्या रॉयल सोसायटीकडे त्याची निरीक्षणे प्रथम पोहोचली. मधमाशीची नांगी, उवेचे शरीर आणि बुरशी यांचे वर्णन त्यांत होते. 1680 साली त्या सोसायटीने या कापडवाल्यास आपले सदस्यत्व दिले. भिंग नखाएवढे, पण त्यातून एक नवी सृष्टी जगासमोर आली!

ल्यूवेनहॉकला भिंगातून जे दिसे, ते चितारून घेण्यासाठी चित्रकाराची मदत घ्यावी लागत असे. आज ते काम कॅमेरा करतो, आणि घरोघरी असलेल्या मोबाइल फोनमध्येही कॅमेरा असतोच. मात्र फोन कीटकाच्या फार जवळ नेल्यास चित्र अंधुक होते. त्यावर उपाय ल्यूवेनहॉकचाच. घड्याळजी किंवा जवाहिरे डोळ्याला लावतात तसले दहापट मोठे दाखविणारे भिंग फोनच्या भिंगासमोर नीट धरावे आणि फोन अळीपासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर आणावा. मग पडद्यावर अळीच्या अंगावरील बारीक काटे आणि तोंडाची हालचालही दिसू लागते. चिमट्याने फोनला अडकविता येतील अशी भिंगेही काही शे रुपयांत मिळतात. निकामी झालेल्या डीव्हीडी यंत्रातील चिमुकले भिंगही उपयोगी पडते. पण त्याचे नाभीय अंतर अवघे काही मिलिमीटर असल्याने त्यासाठी कीटकास जवळजवळ टेकावेच लागते. असले यंत्र मुलांनी स्वतः उघडू नये. ते काम जाणत्या माणसाकडून करवून घ्यावे.

ज्यांच्याजवळ भिंग काढता-घालता येणारा कॅमेरा आहे, त्यांना आणखी दोन स्वस्त मार्ग मोकळे आहेत. पहिला मार्ग भिंग उलटे बसविण्याचा. कॅमेऱ्याचे 50 मिलिमीटरचे साधे भिंग एका कड्याच्या साहाय्याने उलटे लावले, की ते लहान वस्तू मोठी करून दाखवू लागते. यासाठी फिल्मच्या काळातील जुने भिंग अधिक सोयीचे असते. भिंग उलटे लावले म्हणजे त्याचा कॅमेऱ्याशी असलेला विद्युत्-संबंध तुटतो. परंतु जुन्या भिंगावर प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करण्याचे कडे असल्याने ते हातानेही फिरविता येते.

दुसरा मार्ग पोकळ नळीचा. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये ही नळी बसवितात. तिच्यात काच नसते, म्हणूनच ती स्वस्त असते. दूरच्या वस्तूसाठी जुळविलेल्या 50 मिलिमीटरच्या भिंगामागे 25 मिलिमीटरची नळी लावली, तर कॅमेऱ्याच्या आत पडणारी प्रतिमा मूळ वस्तूच्या निम्मी असते. 50 मिलिमीटरची लावली, तर ती वस्तूएवढीच होते. 5 मिलिमीटर लांबीच्या मुंगीची प्रतिमाही 5 मिलिमीटरच! पुढे हेच चित्र कागदावर मोठे केले, की मुंगी वीतभर होते. परंतु निसर्ग काहीही फुकट देत नाही. अशा वेळी आत पोहोचणारा प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो, आणि जेवढा भाग स्पष्ट दिसतो त्याची खोली मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी असते. डोळा स्पष्ट दिसला, तर पाय अंधुक होतात. म्हणून कीटकाच्या डोळ्यावर लक्ष केंद्रित करावे. आणि फुलपाखरू पंख मिटून बसलेले असेल, तर कॅमेरा त्याच्या पंखांना समांतर धरावा.

मग हजारो रुपये, प्रसंगी लाखाच्या घरातील रक्कम देऊन खास भिंगे लोक का घेतात? त्यांतून मिळणारे चित्र काठापर्यंत रेखीव असते, हे एक कारण. दुसरे कारण असे, की लांब नाभीय अंतराचे खास भिंग वीतभर दुरूनही कीटकाचे मोठे चित्र घेऊ शकते. म्हणजे धनाने विकत मिळते ते मुख्यतः अंतर. ज्याच्यापाशी ते धन नाही, त्यास कीटकाच्या अगदी निकट जावे लागते. आणि निकट जावयाचे, तर कीटकाचा विश्वास मिळवावा लागतो. तो कोणत्याही दुकानात मिळत नाही.

तो मिळविण्याची रीत सोपी आहे, पण तीस धीर लागतो. कीटकांचे शरीर आपल्यासारखे सदा ऊबदार नसते. उन्हाने ते तापले म्हणजे त्यांना चपळाई येते. म्हणून पहाटेच्या गारव्यात चतुर आणि फुलपाखरे बराच वेळ निश्चल बसलेली आढळतात. चित्र घेण्यास हीच वेळ उत्तम. जवळ जाताना पाऊल हळू टाकावे आणि आपली सावली कीटकावर पडू देऊ नये. हात थरथरत असतील, तर तांदूळ भरलेल्या लहानशा पिशवीवर कॅमेरा टेकवावा. ऊन प्रखर असेल, तर मध्ये पातळ पांढरा कागद धरावा, म्हणजे प्रकाश मृदू होतो. दुसऱ्या बाजूचा काळोख घालविण्यास पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. वाऱ्याने पान हलू लागले, तर उघडलेली छत्री आडोसा देते. यांतील एकही वस्तू मुद्दाम विकत आणावी लागत नाही.

धीर संपला, की मनुष्य आडमार्गाला लागतो. कीटक हलू नये म्हणून काही छायाचित्रकार त्यास थंड डब्यात ठेवून बधिर करतात; कोणी त्यास फुलावर चिकटवून ठेवतात. अशी चित्रे दिसण्यात सुंदर असतील, परंतु ती खोटी असतात. कारण कीटक असा वागतच नाही. कढीपत्त्यावरची अळी डिवचली, तर ती डोक्यामागून एक दुबेळके शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ते शिंग पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण तिच्या दृष्टीने तो जीव वाचविण्याचा प्रसंग असतो. तिने ते आपण होऊन बाहेर काढीपर्यंत वाट पाहणारा तोच खरा निरीक्षक. त्याचप्रमाणे, भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये, आणि भिंग उन्हात उघडे टाकू नये. एका बिंदूत गोळा झालेले ऊन डोळ्यास अंध करील आणि अळीस भाजून काढील.

या उद्योगाचे मोल केवळ सुंदर चित्रांपुरते नाही. चित्रासोबत दिनांक, स्थळ आणि झाडाचे नाव लिहून ठेवले, की त्या चित्राची नोंद होते, आणि नोंदी साठल्या म्हणजे ज्ञान वाढते. मुंबईची ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ ही संस्था 1883 साली स्थापन झाली, तीही निसर्गातील आपापली निरीक्षणे एकमेकांस सांगावीत अशी इच्छा असलेल्या अवघ्या आठ गृहस्थांच्या पुढाकाराने. महाराष्ट्राने 2015 साली ‘ब्लू मॉरमॉन’ या निळ्या-काळ्या फुलपाखरास राज्य-फुलपाखराचा मान दिला. त्याची अळीही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढते. आणि सर्व काही शोधून संपले आहे, असेही नाही. ठाणे परिसरात आढळलेल्या, उड्या मारणाऱ्या एका चिमुकल्या कोळ्यास 2021 साली शास्त्रज्ञांनी प्रथम नाव दिले: ‘आयसियस तुकारामी’. मुंबईवरील 2008 च्या हल्ल्यात दहशतवाद्यास धरून ठेवताना प्राणार्पण करणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांचे ते स्मारक आहे. कोळ्यास आठ पाय असतात, त्यामुळे तो सहा पायांच्या कीटकांत मोडत नाही. परंतु भिंगाला असा भेदभाव ठाऊक नसतो. लाखो माणसांच्या वस्तीजवळ राहणाऱ्या या जिवास तोवर विज्ञानात नावही नव्हते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

सायंकाळी साकीनाक्यावर वाहनांची रांग लागते आणि कारखान्यांतील लेथ एकामागून एक थांबतात. त्या वेळी चाळीच्या गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीशी एखादे मूल घड्याळजीचे भिंग हाती घेऊन श्वास रोखून बसलेले असेल, तर खालच्या कारागिराइतकेच सूक्ष्म काम तेही करीत असते. एका पानाच्या कडेला अळी अर्धचंद्राकार घास घेत असते. मुलाच्या आणि तिच्या मध्ये अवघ्या अडीच सेंटिमीटरचे अंतर असते. अळी खाणे थांबवीत नाही. मुलाने तिचा विश्वास मिळविला आहे.

स्वाध्याय

1. कढीपत्त्यावरील अळी लहानपणी कोणते सोंग घेते? त्याचा तिला काय उपयोग होतो?
2. ‘धनाने विकत मिळते ते मुख्यतः अंतर,’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
3. 50 मिलिमीटरच्या भिंगामागे 25 मिलिमीटरची नळी लावल्यास 8 मिलिमीटर लांबीच्या कीटकाची प्रतिमा किती लांबीची होईल?
4. बधिर केलेल्या कीटकाच्या चित्रास लेखकाने ‘खोटे’ का म्हटले आहे? तुमचे मत सकारण लिहा.
5. घराजवळील एखाद्या झाडावरील एक कीटक सात दिवस रोज सकाळी पाहा. दिनांक, वेळ आणि झाडाचे नाव देऊन तुमच्या वहीत त्याची नोंद करा.