दंतवैद्यकापूर्वीची चार वर्षे : मुख्य विषयाची निवड

भारतात दंतवैद्य होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा मार्ग शालेय वयातच आखला जातो. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय घेऊन तो बारावी उत्तीर्ण होतो, प्रवेशपरीक्षा देतो आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी दंतवैद्यक महाविद्यालयात दाखल होतो. चार वर्षांचे अध्ययन आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण झाली की त्याच्या हाती पदवी पडते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र दंतवैद्यक हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम आहे. शाळा संपल्यावर तेथील विद्यार्थी प्रथम एखाद्या सर्वसाधारण महाविद्यालयात सुमारे चार वर्षे घालवतो आणि मग आणखी चार वर्षांच्या दंतवैद्यक शिक्षणासाठी अर्ज करतो. त्या पहिल्या चार वर्षांत त्याला एक मुख्य विषय निवडावा लागतो. तेथे त्याला ‘मेजर’ म्हणतात. दंतवैद्य होण्यासाठी हा विषय कोणता असावा, हा प्रश्न दर वर्षी हजारो तरुणांना आणि त्यांच्या पालकांना पडतो. आणि त्याचे उत्तर बहुधा वाजवीपेक्षा घाईने दिले जाते.

ही व्यवस्था आरंभापासून अशी नव्हती. केवळ दंतवैद्यक शिकविण्यासाठी स्थापन झालेले जगातील पहिले महाविद्यालय १८४० मध्ये बाल्टिमोर येथे निघाले. त्यानंतर कित्येक दशके माध्यमिक शाळेतून थेट दंतवैद्यक शाळेत जाता येत असे. भारतातील आधुनिक दंतवैद्यक शिक्षणाचे जनक डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९१५ मध्ये आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि १९२० मध्ये कलकत्त्यात दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन केले, ते याच कालखंडातील होत. कार्नेगी प्रतिष्ठानाच्या वतीने कोलंबिया विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम गीज यांनी १९२६ मध्ये एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. दंतवैद्यक ही निव्वळ हस्तकौशल्याची विद्या नसून आरोग्यशास्त्राची एक शाखा आहे, तिचे शिक्षण विद्यापीठाच्या छायेत व्हावे आणि त्यापूर्वी विद्यार्थ्याने महाविद्यालयात किमान दोन वर्षे घालवावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे दोनाची चार वर्षे झाली. आजही काही दंतवैद्यक शाळा नव्वद श्रेयांक पूर्ण झाले असल्यास पदवीविनाही अर्ज स्वीकारतात. तथापि प्रत्यक्षात प्रवेश मिळविणारे बहुतेक सर्व विद्यार्थी पदवीधर असतात.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. ‘पूर्व-दंतवैद्यक’ असा शब्द तेथे सर्रास वापरला जातो. परंतु बहुसंख्य महाविद्यालयांत त्या नावाचा मुख्य विषय नसतो. ते केवळ मार्गदर्शनापुरते ठेवलेले नाव असते. दंतवैद्यक शाळा मागतात त्या ठराविक विषयांच्या उत्तीर्णता. प्रयोगशाळेसह जीवशास्त्राचे आठ श्रेयांक, सामान्य रसायनशास्त्राचे आठ, सेंद्रिय रसायनशास्त्राचे आठ आणि पदार्थविज्ञानाचे आठ, ही स्थूल चौकट होय. त्यांत जीवरसायनशास्त्राची भर बहुतेक ठिकाणी पडते. सूक्ष्मजीवशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रियाविज्ञान हेही अनेक शाळा मागतात किंवा सुचवितात. सर्व मिळून ही बेरीज पंचेचाळिसाच्या आसपास जाते.

पदवीला साधारणतः १२० श्रेयांक लागतात. त्यांतून विज्ञानाचे ४५ वजा केले तर ७५ उरतात. इतिहास, तत्त्वज्ञान किंवा संगीत यांसारख्या विषयाला तीस ते चाळीस श्रेयांक पुरतात, आणि उरलेल्या भागात सर्वांना सक्तीचे असलेले सामान्य विषय बसतात. म्हणजे इतिहासाचा विद्यार्थीही दंतवैद्यकासाठी पात्र ठरू शकतो. आणि प्रवेशसमित्याही मुख्य विषयाची अट घालीत नाहीत. अडचण येते ती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला. त्याच्या अभ्यासक्रमात गणित, पदार्थविज्ञान आणि सामान्य रसायनशास्त्र असते, पण जीवशास्त्र आणि सेंद्रिय रसायनशास्त्र बहुधा नसते. आणि अभियांत्रिकीच्या अनिवार्य विषयांनी वेळापत्रक इतके भरलेले असते की हे विषय घालण्यास उन्हाळी सत्रे किंवा एखादे जादा वर्ष खर्ची घालावे लागते. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याचे नेमके उलट होते. त्याच्या पदवीचे विषय आणि दंतवैद्यकाच्या अटी बऱ्याच अंशी एकच असतात. बहुतेक उमेदवार जीवशास्त्राकडे वळतात त्यामागे आवडीपेक्षा ही सोय अधिक असते.

सोयीचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु खरी जोखीम गुणांच्या सरासरीत दडलेली आहे. तेथे प्रत्येक विषयाला श्रेणी मिळते. सर्वोच्च श्रेणीचे चार गुण, दुसरीचे तीन, तिसरीचे दोन, अशी मोजणी असते. प्रवेश मिळविणाऱ्यांची सरासरी साडेतीनच्या वर असते. विज्ञानविषयांची सरासरी वेगळी काढून पाहिली जाते. एखादा विषय पुन्हा दिला तर जुनी श्रेणी पुसली जात नाही. देशव्यापी अर्जसेवेच्या हिशेबात दोन्ही श्रेणी धरल्या जातात. अर्ज सामान्यतः तिसऱ्या वर्षानंतरच्या जूनच्या सुमारास पाठवावा लागतो. त्या वेळी विद्यार्थ्याचे सुमारे नव्वद श्रेयांक झालेले असतात. आता असे समजा की एका विद्यार्थ्याने घरच्यांच्या आग्रहाखातर, मनात नसता, जीवशास्त्र घेतले आणि दोन वर्षांअखेर साठ श्रेयांकांत त्याची सरासरी ३.२ झाली. नव्वद श्रेयांकांपर्यंत ती ३.५ वर आणायची तर एकूण ३१५ गुण हवेत. हाती आहेत १९२. उरलेल्या तीस श्रेयांकांत १२३ गुण, म्हणजे सरासरी ४.१, मिळवावे लागतील. चाराहून अधिक गुण तर कोणालाच मिळत नाहीत! त्या विद्यार्थ्याने तिसऱ्या वर्षी रात्रीचा दिवस केला तरी नेहमीच्या वेळी अर्ज करून साडेतीन गाठणे त्याच्या हातून निसटलेले असते. अर्ज एक-दोन वर्षे लांबविणे एवढाच उपाय उरतो.

म्हणूनच ज्या विषयात विद्यार्थी मनापासून रमेल आणि चांगल्या श्रेणी मिळवील, तो विषय घ्यावा, हा अनुभवी मार्गदर्शकांचा सल्ला भावनेपेक्षा हिशेबावर आधारलेला आहे. मात्र त्याची एक बाजू पुष्कळदा सांगायची राहून जाते. मुख्य विषय कोणताही घेतला तरी सेंद्रिय रसायनशास्त्र कोणाला चुकत नाही, आणि संगीताच्या विद्यार्थ्याला त्या वर्गात जीवशास्त्र व रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांशीच स्पर्धा करावी लागते. शिवाय त्याच्या विज्ञानविषयांची संख्या थोडी असल्याने एक वाईट श्रेणीही त्याच्या विज्ञानाच्या सरासरीला मोठा हादरा देते. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे ती भरून काढण्यास इतर अनेक विषय असतात.

प्रवेशपरीक्षेचा विचार करता जीवशास्त्राचा फायदा वाटतो तेवढा मोठा नाही. १९५० पासून देशभर घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेत विज्ञानाचे शंभर प्रश्न असतात. त्यांपैकी चाळीस जीवशास्त्राचे आणि साठ रसायनशास्त्राच्या दोन शाखांचे. पदार्थविज्ञानाचा एकही प्रश्न नसतो, ही मौजेची गोष्ट होय. गणित आणि वाचनाकलन यांचे स्वतंत्र भाग असतात. उरतो तो अवकाशाकलनाचा भाग. कोनांची तुलना, घडी घातलेल्या कागदाला पाडलेली भोके उलगडल्यावर कोठे दिसतील याचा अंदाज, रचलेल्या घनांची मोजणी, असे नव्वद प्रश्न साठ मिनिटांत सोडवायचे असतात. हे कौशल्य जीवशास्त्राच्या वर्गात शिकविले जात नाही. पूर्वी तर उमेदवाराला खडूचा तुकडा आणि चाकू देऊन दिलेल्या मापाबरहुकूम आकृती कोरायला लावीत. १९७० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत बंद झाली. दाताच्या पोकळीत मिलिमीटरच्या अंशाने काम करणाऱ्या माणसाची अशी परीक्षा घेणे अगदीच गैर नव्हते. शिल्पकला किंवा मातीकाम हा मुख्य विषय घेणाऱ्या उमेदवाराकडे समिती कुतूहलाने पाहते, त्याचे कारण हेच असावे.

आणखी एक प्रश्न पालकांच्या तोंडून ऐकू येतो आणि तो रास्त आहे : प्रवेश मिळालाच नाही तर? अर्ज करणाऱ्यांपैकी प्रवेश मिळतो तो निम्म्याच्या आसपास विद्यार्थ्यांना. उरलेल्यांपैकी काही जण पुढील वर्षी पुन्हा प्रयत्न करतात, काही वाट बदलतात. अशा वेळी केवळ जीवशास्त्राची पदवी फारशी दारे उघडीत नाही. रसायनशास्त्र, संख्याशास्त्र किंवा लेखाकर्म यांच्या पदवीधराला तुलनेने लवकर काम मिळते. आणि तो दंतवैद्य झालाच तर लेखाकर्माचे ज्ञान वाया जात नाही, कारण स्वतःचा दवाखाना चालविणे हा व्यवसायही आहे. कर्ज काढून दंतवैद्यक शिकलेल्या अमेरिकन पदवीधराच्या डोक्यावर सरासरी तीन लाख डॉलरांच्या आसपास ऋण असते, हे लक्षात घेतले की त्या ज्ञानाचे मोल कळते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. आई-वडिलांच्या पिढीने बारावीच्या गुणांवर शाखा ठरताना पाहिलेली असते. त्यामुळे दंतवैद्य व्हायचे तर जीवशास्त्रच, हे त्यांना स्वयंसिद्ध वाटते. मुलीने नृत्य किंवा इतिहास घ्यायचा म्हटले की तिने दंतवैद्यक सोडले असा अर्थ घेतला जातो. वस्तुतः मुख्य विषय जाहीर करण्यास तेथे सामान्यतः दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत अवधी असतो. पहिल्या वर्षी सामान्य रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, दुसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायनशास्त्र, आणि त्यांच्या जोडीला आवडीच्या विषयाचे एक-दोन वर्ग, असा क्रम ठेवला तर निर्णयाची घटका येईपर्यंत दोन्हींकडच्या श्रेणी कागदावर उमटलेल्या असतात. त्या वेळी त्या कागदाकडे मुलीने आणि आई-वडिलांनी एकत्र बसून पाहावे, आणि त्याआधी कोणी कोणाला शब्द देऊ नये.