एक नकाशा, अनेक हात

शाळेची खोली असो, पाण्याची टाकी असो वा लहानसा पूल असो, नकाशातील रेषेत राहिलेली चूक पुढे सिमेंटात पक्की होते. म्हणूनच नकाशाची कोणती प्रत अंतिम मानावयाची, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटला तरी बांधकामाच्या सुरक्षिततेशी निगडित आहे.

पूर्वी ट्रेसिंग कागदावरील मूळ नकाशावरून निळ्या प्रती काढीत. दुरुस्ती झाली की जुन्या प्रती परत मागवाव्या लागत. १९८२ साली ऑटोकॅड ही संगणक प्रणाली बाजारात आली आणि पुढे रेखनाचे काम संगणकावर होऊ लागले. परंतु फाइल एकाकडून दुसऱ्याकडे पाठविण्याची रीत कायम राहिली. प्रत्येक वेळी नवी प्रत निर्माण होई आणि कोणाच्या हाती कोणती, याचा मेळ राहत नसे.

ब्राउझरमधील नकाशा

यावरील उपाय म्हणजे नकाशा एकाच सर्व्हरवर ठेवून संबंधितांनी तो आपापल्या ब्राउझरमध्ये उघडणे. २०१० साली ऑटोकॅड डब्ल्यूएस या नावाने अशी सोय उपलब्ध झाली. आज ऑटोकॅड वेब तेच कार्य करते. असा नकाशा हे निव्वळ छायाचित्र नसते. रेषांची स्थाने व मापे त्यात आकड्यांनी नोंदलेली असतात. भिंती, नळ व विजेच्या तारा वेगवेगळ्या थरांत असतात. त्यामुळे हवा तेवढाच भाग पाहता व सुधारता येतो.

समजा, नव्या वर्गखोलीचा नकाशा पाहताना मुख्याध्यापकांच्या ध्यानात आले की, दारापुढे केवळ पायऱ्या असल्याने चाकाच्या खुर्चीवरील मुलास आत येता येणार नाही. ते नकाशावर त्याच जागी शेरा नोंदवितात. दार हलविल्यास त्यावरील लिंटेल व भिंतीवरील भार यांचा पुन्हा विचार करावा लागतो. म्हणून प्रत्यक्ष बदल अभियंत्यानेच करावयाचा. पाहणे, शेरा देणे आणि बदल करणे हे तीन अधिकार वेगवेगळे ठेवावेत, ते याचसाठी.

घ्यावयाची दक्षता

मान्यता मिळालेली आवृत्ती बदलासाठी बंद करावी. नंतरच्या दुरुस्तीस नवा क्रमांक देऊन पुन्हा मान्यता घ्यावी. बदली झालेल्या कर्मचाऱ्याचा प्रवेश त्वरित काढून घ्यावा. पडद्यावर नकाशा लहानमोठा होत असल्याने त्यावर पट्टी ठेवून माप घेऊ नये; लिहिलेली मापेच प्रमाण मानावीत. इंटरनेट खंडित होण्याचा संभव लक्षात घेऊन आवृत्ती क्रमांक व दिनांक असलेली छापील प्रत कामाच्या जागी ठेवावी आणि नवी प्रत येताच जुनी काढून घ्यावी.

पंचायत सदस्यांना रेखनाचे तांत्रिक ज्ञान असलेच पाहिजे असे नाही. कामाच्या जागी गेल्यावर त्यांनी एवढे जरूर विचारावे : हातातील नकाशा कितव्या आवृत्तीचा आहे आणि त्यास मान्यता कोणी दिली? याचे उत्तर तत्काळ मिळत नसेल, तर ते मिळेपर्यंत काँक्रीट ओतू देऊ नये.