भूक कमी करणारी औषधे : घेण्याआधी एवढे वाचाच



गंगापूरला पालकसभा संपल्यावर एका ताईंनी हळूच विचारलं, "मॅडम, भूक मारायची गोळी मोबाइलवर मिळतेय, मागवू का?" मी म्हटलं, थांबा.

सिब्युट्रामाइन ही अशीच गोळी होती. हृदयविकार व पक्षाघाताचा धोका दिसल्यावर भारतात २०११ मध्ये तिच्यावर बंदी आली. २०२५ मध्ये मौन्जारो व वेगोव्ही ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आली. त्यांनी भूक मंदावते, पोट उशिरा रिकामं होतं. म्हणून मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होऊ शकते.

लक्षात ठेवा :

१. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. शेजारणीची चिठ्ठी आपल्याला चालत नाही.

२. डोस डॉक्टरच हळूहळू वाढवतात. घाई नको.

३. गरोदरपण, स्तनपान, स्वादुपिंडाची सूज, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर असेल तर आधीच सांगा. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते.

४. पोटात असह्य कळ येऊन पाठीकडे गेली, तर लगेच दवाखाना गाठा.

५. वरण, उसळ, अंडी, पाणी, रोजचं चालणं सोडू नका. औषध बंद केल्यावर वजन परत वाढू शकतं.

त्या ताईंनी गोळी मागवली नाही. आधी तपासणी करून घेतली. तुम्हीही तेच करा. आई आजारी पडली, तर मुलाचा अभ्यास कोण घेणार?