ढिला हॅन्डब्रेक आणि माझे तीन आटे

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की घरची माणसं आपल्याला मिस्त्रीच समजायला लागतात. पंखा बंद पडला, बोलवा त्याला. पंप पाणी ओढत नाही, विचारा त्याला. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही ते आवडतं. मागच्या वर्षी थर्ड इयरला असताना हीच हौस मला नडली. ती हकीकत आणि तिच्यातून शिकलेला हॅन्डब्रेकचा धडा, दोन्ही इथे सांगतो.

आमच्या हॉस्टेलचं गेट उतारावर आहे. रेक्टर सरांची जुनी, ८०० सीसीची गाडी तिथेच चढाकडे तोंड करून उभी असते आणि मागच्या चाकाखाली एक काळा दगड कायमचा. हॅन्डब्रेक अकरा-बारा 'कट' वाजेपर्यंत वर यायचा, तरी दगड काढला की गाडी हळूच मागे सरकायची. एका रविवारी मी सरांना म्हटलं, "सर, दहा मिनिटांचं काम आहे. मी करून देतो."

काम खरंच दहा मिनिटांचं होतं. दोन सीटच्या मधलं कव्हर काढलं, लिव्हरच्या बुडाशी केबलचा नट दिसला. पाना लावला आणि तीन आटे आवळले. हॅन्डब्रेक चौथ्या कटालाच टणक झाला. सर खूश, मी त्याहून खूश. "सर, आता दगडाची गरज नाही," हे वाक्यही मीच बोललो. ते वाक्य आज आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

पुढच्या आठवड्यात सर गाडी घेऊन तालुक्याला जाऊन आले. मागून काहीतरी जळल्यासारखा वास येत होता, ॲव्हरेजही पडलं होतं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, इंजिनचं असेल. त्यानंतर तीन-चार दिवसांनी संध्याकाळी गाडी आपोआप सुटली आणि उतारावरून मागे जाऊन मेसच्या पाण्याच्या टाकीवर आदळली. टाकीजवळच्या कट्ट्यावर मेसच्या मावशींची नात रोज खेळत बसते. त्या दिवशी मावशींनी तिला दोनच मिनिटं आधी जेवायला हाक मारली होती. नुकसान म्हणाल तर एक बंपर आणि एक नळ. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, गॅरेजला जाऊ. कुठं चुकलं ते दोघंही बघू." गॅरेजवाल्या चाचांनी गाडी जॅकवर घेतली, मागचं चाक हाताने फिरवलं तर ते जड फिरत होतं. ड्रम काढल्यावर ब्रेक-शूचं लायनर काचेसारखं गुळगुळीत आणि काळं पडलेलं. चाचा म्हणाले, "बेटा, रोग चाकात होता अन् तू दवा हॅन्डलला दिलीस."

आता हे नीट समजून घेऊ. अशा छोट्या गाडीत हॅन्डब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर चालतो. लिव्हर ओढली की केबल ताणली जाते. केबल प्रत्येक ड्रममधल्या एका छोट्या लिव्हरला ओढते आणि ती लिव्हर दोन्ही शू बाहेर ढकलून ड्रमला घट्ट चिकटवते. पायाच्या ब्रेकमध्ये हेच काम ऑइलच्या दाबाने होतं. म्हणजे शू तेच, ड्रम तोच, फक्त ढकलणारा वेगळा.

आता साधा हिशोब. समजा, आपण लिव्हर जिथे धरतो ती जागा खिळीपासून २४ सेंमीवर आहे आणि केबल ४ सेंमीवर जोडली आहे. बळ ६ पट झालं. ड्रममधल्या लिव्हरने ते समजा आणखी ५ पट वाढवलं. एकूण ३० पट. हे बळ लागतंच. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच क्रमांकाच्या ब्रेक नियमावलीप्रमाणे भरलेली कार २० टक्के चढावर पार्किंग ब्रेकने थांबली पाहिजे आणि त्यासाठी हाताला ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ४० किलोपेक्षा, जास्त ओढावं लागता कामा नये. गाडी ६५० किलोची आणि आत २६० किलोची माणसं धरली, तर अशा चढावर तिला मागे खेचणारं बळ सुमारे १७५० न्यूटन येतं. गणित करून बघा.

पण मेकॅनिक्समध्ये फुकट काही मिळत नाही. बळ ३० पट वाढलं तर चाल ३० पट घटली. हात ३० मिमी हलला तेव्हा शू कसाबसा १ मिमी सरकला. हेच उलटं वाचा. लायनर झिजून शू आणि ड्रममधली फट एकूण २ मिमीने वाढली, तर हाताला ६० मिमी जास्त ओढावं लागणार. एका कटाला हात साधारण सव्वा सेंमी सरकतो असं धरलं, तर हे जवळजवळ पाच कट झाले. म्हणजे सरांच्या गाडीचा हॅन्डब्रेक सहाचा अकरावर गेला तो केबल लांबली म्हणून नव्हे, तर चाकात फट वाढली म्हणून!

ही फट भरून काढायला ड्रममध्ये ॲडजस्टर असतो. काही गाड्यांत तो दातेरी चाकाचा, हाताने फिरवायचा असतो, तर काहींत आपोआप काम करतो. सरांच्या गाडीतला आपोआप चालणारा होता, पण गंज आणि धुळीने जाम झाला होता. त्यात मी केबल आवळली. त्यामुळे लिव्हर खाली असतानाही शू ड्रमला घासत राहिले. गाडी चालली, ड्रम तापला, लायनर गुळगुळीत होऊन घर्षण गेलं आणि आणखी झिजलंही. जळका वास इंजिनचा नव्हता, माझ्या तीन आट्यांचा होता.

चाचांनी त्या दिवशी काम ज्या क्रमाने केलं तो क्रम असा:

१) गाडी सपाट जागेवर, पहिल्या गिअरमध्ये. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. मागची चाकं मोकळी फिरवायची असल्याने हॅन्डब्रेक सोडलेलाच ठेवावा लागतो, म्हणून गाडी धरून ठेवायचं काम गिअर आणि दगडांवर. मागची बाजू जॅकने उचलून खाली स्टँड लावायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालायचा नाही.

२) केबलचा नट आधी पूर्ण ढिला करायचा. केबल ताणलेली असेल तर शू आपल्या मूळ जागी येत नाहीत आणि पुढची सगळी ॲडजस्टमेंट खोटी ठरते.

३) ड्रम काढून बघायचं. लायनर किती उरलंय, ब्रेक ऑइल गळतंय का, स्प्रिंगा शाबूत आहेत का. ऑइल लागलेलं लायनर बदलायचंच आणि गळती आधी बंद करायची. आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. आमच्या गाडीला दोन्ही चाकांचे शू नवीन टाकले आणि ॲडजस्टर साफ करून मोकळे केले.

४) फट जुळवायची. ड्रम बसवून ॲडजस्टर इतका फिरवायचा की चाक किंचित घासेल, मग मोकळं फिरेपर्यंत थोडा मागे घ्यायचा. पायाचा ब्रेक चार-सहा वेळा दाबायचा म्हणजे शू जागेवर बसतात. मग परत तपासायचं.

५) सगळ्यात शेवटी केबल. मॅन्युअलमध्ये दिलेल्या कटांना दोन्ही मागची चाकं सारखी धरली जातील इतकाच नट आवळायचा. आता लिव्हर पूर्ण खाली करून दोन्ही चाकं हाताने फिरवून बघायची. जराही घासलं तर नट ढिला करायचा. नंतरच लॉक नट. सगळं करूनही केबल अडकत असेल, तिचे धागे तुटले असतील किंवा ती गंजली असेल, तर केबल बदलायची.

मी यातली पाचवी पायरी पहिली केली आणि बाकीच्या चार केल्याच नाहीत.

काम झाल्यावर आम्ही गाडी उतारावर लावून बघितली. चाकामागे, वीतभर अंतरावर, दगड ठेवूनच. हॅन्डब्रेक सहाव्या कटाला धरला, गाडी हलली नाही. रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर चालवून ड्रमजवळ हात नेऊन पाहिला. फारशी धग नव्हती.

आता नव्या बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक येतो, बटण दाबलं की मोटर काम करते. तिथे हा नट नाही. पण रस्त्यावर लिव्हरवाल्या गाड्या अजून भरपूर आहेत आणि आपल्या स्टाफ पार्किंगमध्येही आहेत. ज्यांचा हॅन्डब्रेक हल्ली वर-वर येतोय त्यांना नम्र विनंती, 'जरा आवळून द्या' असं मिस्त्रीला सांगू नका. 'ड्रम उघडून बघा' असं सांगा. आणि हॅन्डब्रेक चांगला असला तरी उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवा. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स.

सरांच्या गाडीखाली तो काळा दगड आजही असतो. तो काढा, असं मी आता कुणालाच सांगत नाही. कुणाला आपल्या घरच्या गाडीचं हे काम शिकायचं असेल तर रविवारी रूमवर या, चाचांकडे बरोबर जाऊ. येताना गाडीचं मॅन्युअल तेवढं आणा.