मालक कोण? आम्हीच!

प्रश्न : कामानिमित्त बंगळुरूला वरचेवर जाणं होतं. तिथल्या चर्च स्ट्रीटवरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये एका वाढप्याला सहज विचारलं, ‘मालक कोण इथले?’ तो म्हणाला, ‘आम्हीच.’ हे खरं आहे का? आणि आपल्या गावात कॉफीचं एखादं दुकान खरोखर इथल्या माणसाचं आहे की कुठल्या कंपनीची शाखा, हे गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? आपण तिथे कॉफी प्यायल्याने त्याला खरंच हातभार लागतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वाढप्याने सांगितलं ते खरं आहे. इंडियन कॉफी हाऊस कामगारांच्या सहकारी संस्थांचं आहे. पण ते मुळात सरकारी कारभारातून जन्माला आलं, आणि तेही आपल्या मुंबईत.

१९३० नंतरच्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले. देशातल्या देशात कॉफी पिणारे वाढवले तर मळेवाले तगतील, असा विचार पुढे आला. १९३५च्या कायद्याने कॉफी सेस कमिटी नेमली गेली आणि तिने १९३६ साली चर्चगेटला पहिलं ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडलं. पुढे कारभार कॉफी बोर्डाकडे आला. चाळीसच्या दशकात देशभरात अशी जवळपास ५० कॉफी हाऊसेस होती. मग पन्नासच्या दशकाच्या मध्याला बोर्डाचं धोरण बदललं आणि ती बंद करायचं ठरलं. वाढपी, आचारी, भांडी घासणारे असे सगळेच रस्त्यावर येणार होते.

कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी या कामगारांना एकत्र केलं. मागणी साधी होती : तुम्हाला चालवायची नसतील तर आमच्या ताब्यात द्या, आम्ही चालवतो. बोर्डाला ते मान्य करावं लागलं. ऑगस्ट १९५७ मध्ये बंगळुरूला कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, त्याच वर्षी दिल्लीत दुसरी. केरळातलं पहिलं कॉफी हाऊस ८ मार्च १९५८ रोजी त्रिशूरला सुरू झालं. तिथे पुढाकार घेणारे एन. एस. परमेश्वरन पिल्ले हे स्वतः कॉफी बोर्डाचे कामगार होते. आज वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या संस्था हा कारभार पाहतात. त्यामुळे तिरुअनंतपुरमच्या तंपानूरला लॉरी बेकर यांनी बांधलेल्या त्या गोल, विटांच्या, वर वर चढत जाणाऱ्या कॉफी हाऊसचा बंगळुरूच्या हिशेबाशी काही संबंध नाही. डोशात बीटाने लालबुंद झालेला मसाला तुम्हाला केरळात मिळेल, दुसरीकडे मिळेलच असं नाही. सारखी आहे ती कडक पांढऱ्या गणवेशावरची पंख्यासारखी पगडी.

आपल्याला सहकार नवा नाही, पण हा सहकार वेगळा आहे. साखर कारखान्याचा सभासद ऊस पिकवणारा शेतकरी असतो, दूध संघाचा सभासद गोठा सांभाळणारा असतो, ग्राहक भांडाराचा सभासद किराणा घेणारा असतो. या तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष काम करणारा माणूस मात्र पगारी नोकर असतो. कॉफी हाऊसमध्ये काम करणाराच सभासद होतो, आणि सहकाराच्या नियमाप्रमाणे भाग कितीही असले तरी मत एकच. महाराष्ट्रात कामगारांच्या मालकीचा असा सहकार फारसा रुजला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गिरण्या बंद पडल्या त्या काळात त्याची किती गरज होती!

कामगारांनी बोर्डाशी झुंज दिली आणि ती जिंकली. जागेपुढे मात्र त्यांचंही चाललं नाही. बंगळुरूत महात्मा गांधी रस्त्यावरचं जुनं कॉफी हाऊस २००९ साली जागेच्या वादात हरलं, म्हणून तुम्ही आज चर्च स्ट्रीटवर बसता. दिल्लीत कॅनॉट प्लेसमधलं कॉफी हाऊस आणीबाणीत पाडलं गेलं आणि मंडळी मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर गेली. छोट्या कॉफीवाल्याला बुडवतं ते बहुतेक वेळा भाडं. दूध, साखर, पावडर महागली तर तो कपामागे दोन-पाच रुपये वाढवतो. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर घरमालकाने भाडं दीडपट केलं, तर त्याच्याकडे उपाय नसतो.

मुंबई-पुण्याची जुनी उपाहारगृहं इतकी वर्षं टिकली, त्यालाही हेच कारण लावून पाहा. मुंबईची १९०४ची कयानी, पुण्याचं १९३५चं गुडलक, माटुंग्याचं १९४०चं कॅफे मद्रास ही आज आपल्याला शहराची ओळख वाटतात. मुंबईतल्या अनेक इराण्यांना पागडीच्या जागा आणि १९४७चा भाडेनियंत्रण कायदा यांनी सावरलं. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तर एक फार महत्त्वाची तरतूद आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही : ज्या कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला भाडेकरू म्हणून या कायद्याचं संरक्षण नाही. छोट्या दुकानदाराला ते मिळू शकतं. छोट्याला जपायला हवं, हे कायद्याने मान्य केलेलं आहे.

आता दुसरा प्रश्न, ओळखायचं कसं? पाटीवरून कळत नाही. ‘आजीची कॉफी’ अशी पाटी लावूनही मागे कंपनी असू शकते. गल्ल्याकडे बघा. तिथे भिंतीवर अन्न परवाना लावलेला असतो, तो लावणं बंधनकारक आहे. परवाना कुणाच्या नावाने आहे, व्यक्तीच्या की ‘प्रायव्हेट लिमिटेड’च्या, ते तिथेच दिसतं. जीएसटी क्रमांक लावलेला असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाका. नोंदणी कुणाच्या नावाने आहे आणि धंदा एकट्याचा, भागीदारीतला की कंपनीचा, हे सगळं समोर येतं. कुणाच्या परवानगीची गरज नाही, पैसेही पडत नाहीत.

बिलावर जीएसटी लावलेला नसला की बरीच मंडळी लगेच ‘कर चुकवतोय’ म्हणून नाक मुरडतात. अहो, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर उपाहारगृहाला सहसा नोंदणीच लागत नाही. आणि दीड कोटीपर्यंतचा उपाहारगृहवाला ‘कंपोझिशन’ योजनेत असेल, तर तो उलाढालीवर ५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतो. गिऱ्हाइकाकडून तो घेण्याची त्याला मनाई आहे, आणि बिलावर तसं छापावंही लागतं. म्हणजे कर न लावलेलं बिल ही बऱ्याचदा छोट्या, सरळ धंद्याची खूण असते. त्या माणसाला चोर ठरवू नका.

फ्रँचायझीचं काय, असं तुमच्या मनात येईल. गावातल्याच तरुणाने कर्ज काढून मोठ्या नावाची शाखा घेतलेली असते. मी त्याला परका म्हणणार नाही, त्याचीही जोखीम खरी आहे. फक्त त्याच्या गल्ल्यातून रॉयल्टी बाहेर जाते, माल कुठून घ्यायचा हे त्याच्या हातात नसतं, आणि शेजारच्या बेकरीची खारी तो ठेवू शकत नाही. स्वतंत्र दुकानदार ठेवू शकतो. त्याचं दूध जवळच्या डेअरीचं असतं, गणवेश कोपऱ्यावरचा शिंपी शिवतो. तुमचा रुपया गावात आणखी दोन-चार हातांत फिरतो तो असा.

तर हातभार लागतो का? लागतो, पण सगळ्याच मार्गांनी सारखा नाही. दुकान दोन गल्ल्यांवर असताना ऍपवरून कॉफी मागवू नका. समजा बिल २०० रुपयांचं झालं आणि ऍपने चौथा हिस्सा कापून घेतला, तर दुकानदाराच्या हातात १५० उरतात. त्याचा नफा बहुधा त्या ५० मध्येच होता. चालत जा. पैसे रोख द्या किंवा बँक खात्यातून थेट यूपीआयने द्या, कारण अशा यूपीआयवर २०२० पासून दुकानदाराला शुल्क पडत नाही, बहुतेक कार्डांवर पडतं. दुकानात कॉफी पावडर विकत असतील तर घरची पावडर तिथूनच न्या. पाव किलो पावडर घेणारं गिऱ्हाईक टेबल अडवत नाही, पंखा वापरत नाही, कप विसळायला लावत नाही. पाकिटावर कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचून घ्या. मिश्रणात निम्म्याहून जास्त कॉफी असावीच लागते, कायद्याने किमान ५१ टक्के.

आणि नकाशावर अभिप्राय लिहायचा असेल तर ‘छान’ एवढंच लिहून थांबू नका. डिकॉक्शन सकाळी किती वाजता पडतं, दुपारी बंद असतं का, बसायला जागा किती, दुचाकी कुठे लावायची, हे लिहा. नवखं माणूस याच माहितीवर येतं. एखाद्या दिवशी कॉफी पाणचट झाली तर ते तिथेच, हळू आवाजात मालकाला सांगा. गल्ल्यावर तोच बसलेला असतो आणि पुढचा कप तो लगेच नीट करू शकतो. मोठ्या साखळीत ती तक्रार कुठे जाते ते आपल्याला कळतही नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पुष्कळ जण विचारतात : एका कपावर तासभर बसलं तर चालतं का? गप्पांचे फड जमले म्हणून तर कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरच्या कॉफी हाऊसचं नाव झालं, तेव्हा बसा जरूर. पण सकाळी साडेआठला नाष्ट्याची रांग लागलेली असताना नको. दुपारी तीन ते पाच खुर्च्या रिकाम्या असतात, पंखे तसेही चालू असतात आणि वाढपीही निवांत असतो. तेव्हा चौघं मिळून जा आणि कॉफीबरोबर कटलेट मागवा.