गिअरपेटीचा ताप कसा मोजावा?

तिसगावहून नगरकडे जाताना करंजीचा घाट लागतो. भरलेली जुनी जीप चढताना गिअरपेटीतील तेल तापते. फार तापल्यास ते पातळ होते व चाकांचे दाते झिजतात. म्हणून तापमापक बसवतात.

तेलात बुडणाऱ्या संवेदकात थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो, विद्युतधारा वाढते आणि काटा सरकतो. एकाच तारेच्या संवेदकाचे मंडल गाडीच्या धातूतून पूर्ण होते. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी जाड गुंडाळल्यास ते खंडित होते. मग तेल कितीही तापो, काटा ‘थंड’च दाखवतो!

म्हणून आधी संवेदकाचे धातूचे अंग तारेने सांगाड्याला जोडून तो उकळत्या पाण्यात धरावा. सुमारे ६५० मीटर उंचीवरील नगरला काटा १०० नव्हे, ९८ अंश सेल्सिअसजवळ थांबावा. असे का बरे?