सेनापती धनाजी जाधव

मंठ्याहून वायव्येस गेले, की जालना जिल्ह्याच्या सीमेपलीकडे सिंदखेडराजा हे गाव लागते. जिजाबाईंचे हे माहेर. येथील जाधवांच्याच घराण्यात धनाजी जन्मला.

१६८९ साली औरंगजेबाने संभाजीमहाराजांचा वध केला. रायगड पडला, बाल शाहू कैद झाला आणि राजाराममहाराजांना दूर जिंजीस जावे लागले. अशा विपत्काली संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी घोडदळाच्या बळावर बादशहाशी झुंज मांडली.

मोगल फौज म्हणजे जणू चालते नगरच! तोफा, हत्ती, तंबू आणि बाजारबुणगे यांच्यासह ती संथपणे सरकत असे. मराठ्यांजवळ सामान बेताचे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. रसद तोडावी, छावणीवर अकस्मात झडप घालावी आणि शत्रू सावरण्यापूर्वीच दिसेनासे व्हावे, ही त्यांची रीत. पाण्यात मोगलांच्या घोड्यांना संताजी-धनाजी दिसत, ही आख्यायिका खरी नसेलही. पण त्या दोघांचा धाक मात्र खराच होता.

दुर्दैवाने पुढे या दोघांतच वैर आले व मराठ्यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. १६९७ साली एकाकी पडलेला संताजी नागोजी माने याच्या हातून मारला गेला. धनाजीच्या चरित्रातील हे पान वाचताना मन खिन्न होते.

संताजीमागून सेनापतिपद धनाजीकडे आले. १७०६ साली त्याने गुजरातेत मुसंडी मारून रतनपूर येथे मोगलांची दाणादाण उडविली.

पण त्याची खरी कसोटी पुढेच होती. १७०७ साली औरंगजेब मरण पावला व शाहू सुटून दक्षिणेत आला. हा शाहू तोतया आहे, असे ताराबाईंनी जाहीर केले आणि धनाजीला त्याच्यावर धाडले. ज्या ताराबाईंच्या आज्ञेत आपण लढलो, त्यांचा शब्द पाळावा, की संभाजीमहाराजांच्या पुत्रावर शस्त्र उचलू नये? हा शाहू खराच, अशी धनाजीची खात्री पटली. त्याचे मन वळविण्यात त्याच्याच पदरी असलेल्या बाळाजी विश्वनाथाचा वाटा होता. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमाकाठी खेड येथे लढाई झाली, तेव्हा धनाजी शाहूच्या पक्षास मिळाला. ताराबाईंच्या सैन्याला माघार घ्यावी लागली.

१७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला व सेनापतिपद धनाजीकडेच राहिले. त्याच वर्षी वारणाकाठच्या वडगाव येथे त्याचे निधन झाले. त्याचा पुत्र चंद्रसेन सेनापती झाला. बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवा झाला.